स्वभावाला औषध

माणसाच्या शरीरात अवयव पुष्कळ आहेत. पण भाषेच्या दरबारात त्या सर्वांना सारखा मान नाही. काळजाचे पाहा. भीतीने त्याचे पाणी होते, कौतुकाने ते सुपाएवढे होते, आणि एखाद्या भाग्यवंताला तर ते वाघाचेच मिळते. आतडे मायेने तुटते. पित्त रागाने खवळते. नाक कापले जाते, कान फुंकले जातात, डोके फिरते, आणि पोटात तर माणसे एकमेकांचे अपराधसुद्धा घालतात. मराठी शिकवणे हाच ज्याचा धंदा, अशा माझ्यासारख्या मास्तराला या यादीत भर घालायला फारसे श्रम पडत नाहीत. पण स्वादुपिंडावरून मराठीत एखादा वाक्प्रचार आहे का, असे कुणी विचारले तर मात्र मास्तराला खडू खाली ठेवावा लागेल. कुणाचे स्वादुपिंड भरून आले, असे आजवर कुणी म्हटलेले नाही. कुणाचे ते फाटले नाही, तुटले नाही, की सुपाएवढेही झाले नाही.

बिचारे असते तरी कुठे? जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, आडवे पडलेले. लांबी वीतभरही नाही, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. बाहेरून हात लावून ते सापडत नाही, आणि बिघडले तरी बराच काळ तक्रार करत नाही. आपल्या पंडितांनी त्याला कुठे स्वादुपिंड म्हटले, कुठे अग्निपिंड. हिंदीत ते अग्न्याशय झाले. ग्रीकांनी दिलेल्या 'पॅन्क्रिअस' या नावाचा अर्थ 'सगळे मांसच'. हाड नाही, कूर्चा नाही, नुसता मांसाचा लगदा! हे नाव वैद्याने ठेवले की खाटकाने, असा प्रश्न पडावा.

याउलट त्याच्या एका दुखण्याचे. 'मधुमेह' हा शब्द चरक-सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडे नांदतो आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी फार जुन्या काळी टिपून ठेवले. घरगुती बोलण्यात तर शब्द आणखी आटोपशीर झाला आहे. 'त्यांना साखर आहे,' एवढे म्हटले की पुरते. ऐकणाऱ्याला वाटावे, रेशन मिळाले! इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही सुमारे दहा कोटी दहा लाख आहेत. आणि त्या पाहणीत सर्वांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा, शंभरात सव्वीसांहून अधिक. एवढ्या मोठ्या पंगतीला नाव असणारच.

पण रक्तातली साखर फार झाली तर मधुमेह, आणि फार कमी झाली तर? त्याला आपल्याकडे अंगणात वाढलेला शब्द नाही. 'शुगर लो झाली' असे आपण इंग्रजीची उसनवारी करून म्हणतो. एरवी हा भाषेच्या अभ्यासकाने टिपणवहीत नोंदवून सोडून देण्याचा विषय. पण ज्या गोष्टीला नाव नसते तिला शेजारच्या दुसऱ्या कुठल्या तरी नावाच्या छपराखाली दिवस काढावे लागतात, आणि ते छप्पर नेहमीच मानाचे असते असे नाही. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या काकूंच्या बाबतीत घडलेले पाहिले आहे.

आमचे घर वाईचे. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती आणि गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय. म्हणजे श्रद्धेला आणि शब्दांना तोटा नसलेले गाव. घरात आजी, काका-काकू, त्यांचा मुलगा आणि आम्ही. काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना पन्नाशीच्या आतच साखर झाली होती आणि गोळ्यांवर भागेना तेव्हा दोन वेळा इन्शुलिनची सुई सुरू झाली. काका शिस्तीचे. फ्रिजच्या दारात कुप्या, कपाटात साखर मोजायचे यंत्र, आणि खिळ्याला टांगलेल्या वहीत रोजच्या नोंदी: वार, वेळ, आकडा, किती युनिट. पोस्टाच्या खतावणीत चूक झाली असती तर झाली असती, या वहीत नाही. त्यांच्या पथ्याने सगळे घर पथ्यावर आले. चहा बिनसाखरेचा झाला. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.

काकू म्हणजे गरीब गाय. त्यांचा आवाज माजघरातून ओसरीपर्यंत कधी आला नव्हता. आणि उपासाच्या बाबतीत घरात त्यांच्याएवढे कडक कुणी नव्हते. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाणे त्यांना पळवाट वाटे. सकाळपासून पाणी आणि दोन वेळा तो बिनसाखरेचा चहा. मग रात्री नऊ-साडेनऊला चंद्र दिसला, की मोदकाचा नैवेद्य दाखवायचा आणि पान वाढायचे.

२००७ सालच्या सुमारास, त्यांच्या वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, या गाईने शिंगे उगारली. एका संकष्टीला दिवेलागणीच्या वेळी त्या देवापुढे निरांजन लावत होत्या. काडी हातात जळत आली तरी सोडेनात. आजी ओरडल्या, तर काकूंनी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले, काही तरी तोंडातल्या तोंडात बडबडल्या आणि तबक भिरकावून दिले. अंग घामाने निथळत होते. मग त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. चंद्रोदय झाला, कुणी तरी मोदक भरवला, आणि पाव तासाने काकू उठून पाने घ्यायला लागल्या. झाल्या प्रकारातले त्यांना काही आठवत नव्हते. 'तबक कुणी पाडलं?' असे त्यांनीच विचारले.

पुढे दर दोन-तीन संकष्ट्यांना असे होऊ लागले. गावात अशा गोष्टीला नाव शोधावे लागत नाही; ते तयारच असते. 'काकूंच्या अंगात येतं.' समोरच्या घरातल्या बाई एकदा नारळ आणि खण घेऊन आल्या आणि त्यांनी भिंतीला टेकलेल्या काकूंना आपल्या मुलीचे लग्न कधी जमेल ते विचारले. काकू म्हणाल्या, 'पाणी तापलंय.' बाई समाधानाने परत गेल्या. त्याच माघात त्या मुलीचे लग्न जमले, त्यामुळे प्रकरण आणखीच कठीण झाले.

पण देवपण महिन्याकाठी एका संध्याकाळपुरते. इतर दिवशी जे होऊ लागले त्याला देवाचे नाव देता येईना. काकूंना सकाळी लवकर जाग येईना, आणि आली तरी तासभर त्या सुन्न असत. कुणी बोलले तर वसकन् अंगावर येत. दुपारच्या जेवणाला उशीर झाला की हात थरथरत, शब्द अडखळत. आणि त्या चोरून खाऊ लागल्या. पहाटे स्वयंपाकघरात गुळाचा खडा तोंडात टाकताना आजींनी त्यांना पाहिले. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा हलका होऊ लागला. वजन वाढले. नवरा सुया टोचून घेतो आहे आणि ही अशी खात सुटली आहे, हे बायकांच्या बोलण्यात येऊ लागले. एका डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी वयाचा परिणाम म्हणून झोपेच्या दिल्या. आजींनी मात्र निकाल देऊन टाकला: 'अहो, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आता बाहेर पडतंय. स्वभावाला औषध नाही.'

काकूंच्या आजाराला अखेर मिळालेले नाव ते हे. स्वभाव!

गाठ सुटली ती काकांच्या औषधपाण्यातून. २०१० साली काकांना तपासणाऱ्या जुन्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. काका आपले आकडे सांगता सांगता घरातल्या अशांततेविषयी बोलले. बाईंनी दोनच प्रश्न विचारले: हे उपाशीपोटी होते का? आणि खाल्ल्यावर थांबते का? काकांनी दोन्हींना होकार दिला. बाई म्हणाल्या, 'तुमच्याकडे यंत्र आहेच. पुढच्या वेळी आधी त्यांच्या बोटातलं रक्त घ्या, आणि मग साखर द्या.'

पुढची संकष्टी आली. पाच वाजता काकू तांदूळ निवडता निवडता थांबल्या आणि निवडलेले पुन्हा खड्यांत टाकू लागल्या. काकांनी त्यांचा हात धरून बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला ३६. ज्या गृहस्थाने पंधरा वर्षांत शंभराखालचा आकडा क्वचितच पाहिला होता, त्याला हे खरे वाटेना. 'यंत्र बिघडलं,' असे म्हणून त्यांनी स्वतःचे बोट टोचले. आकडा आला २१२. यंत्र ठीक होते. मग त्यांनी फळीवरचा डबा काढला, चार चमचे साखर पाण्यात विरघळवून काकूंना घोट घोट पाजली, आणि दहा मिनिटांनी काकू म्हणाल्या, 'हे तांदूळ कुणी कालवले?' रात्री खिळ्यावरच्या वहीत पहिल्यांदाच काकूंच्या नावाचे पान उघडले गेले.

इथे गोष्ट थोडी थांबवून मागे जायला हवे, कारण काकांनी स्वयंपाकघरात जे केले ते वैद्यकाला सुचायला बराच काळ लागला होता. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात लिहिले, की स्वादुपिंडाच्या मांसात वेगळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले दिसतात. ते कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे त्यांना लँगरहान्सची बेटे असे नाव पडले. ही बेटे दहा लाखांच्या घरात असतात, तरी सगळी एकत्र केली तर ग्रंथीच्या वजनाचा शंभरातला एखाद-दुसरा भाग भरेल. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह झाला. म्हणजे साखरेला आवरणारे काही तरी याच ग्रंथीत होते. ते हाती लागले १९२१ साली टोरांटोत, बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या खटपटीने. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई मिळाली. त्या रसाला इन्शुलिन म्हणतात, ते लॅटिन भाषेतल्या 'बेट' या अर्थाच्या शब्दावरून. शब्दांच्या व्यापाऱ्याला हे ऐकून बरे वाटते.

आणि गंमत पाहा. इन्शुलिन हाती आल्यावरच ते जास्त झाले तर काय होते हे डॉक्टरांना दिसू लागले. सुईचा डोस चुकला की रोग्याला घाम फुटे, हात कापत, तो असंबद्ध बोले, कधी मारायला धावे, कधी बेशुद्ध पडे. मग १९२४ साली अमेरिकेतल्या सील हॅरिस या डॉक्टरांनी विचारले: ज्यांनी कधी सुई घेतलेलीच नाही अशाही काही लोकांना नेमके हेच का होते? त्यांच्या पोटातच इन्शुलिन जास्त तयार होत असेल का? औषध सापडले म्हणून त्याच्या उलट दुखण्याला नाव मिळाले. त्याआधीही अशी माणसे असणारच. ती कुठल्या कुठल्या नावांखाली राहिली असतील, ते आमच्या घरावरून ताडता येते.

१९२७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एका रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. रोगी स्वतः शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता आणि रक्तातली साखर टिकवण्यासाठी त्याला सतत खात राहावे लागे. विल्यम मेयो यांनी त्याचे पोट उघडले तेव्हा स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतात पसरली होती. त्या गाठीचा अर्क सशांना टोचला तर सशांची साखर उतरली; म्हणजे गाठ स्वतःच इन्शुलिन बनवत होती. तो डॉक्टर वाचला नाही. पण १९२९ साली रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशीच एक गाठ काढली आणि रोगी बरा झाला. शहर कोणते? टोरांटो! सात वर्षांपूर्वी ज्या शहरात इन्शुलिन टोचून माणूस जगला, त्याच शहरात ते पाझरणारी गाठ काढून दुसरा माणूस जगला. पुढे १९३५ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी अशा रोग्यावर शस्त्र धरण्याआधी तीन खुणा पाहाव्यात असे सांगितले. उपाशीपोटी ती लक्षणे यावीत, त्याच वेळी साखर खरोखर उतरलेली असावी, आणि साखर देताच लक्षणे जावीत. तीन खुणा! आमच्या घरी तीन वर्षे संकष्टीचा उपास, भिरकावलेले तबक आणि चंद्रोदयाचा मोदक यांच्या रूपाने त्यांतल्या दोन महिन्या-दोन महिन्यांनी हजेरी लावून जात होत्या. तिसरी कपाटातल्या यंत्रात बसून होती.

काकूंना पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. मी तेव्हा नुकताच कॉलेजात लागलो होतो. सुट्टी काढून चुलत भावाबरोबर गेलो. तिथे जे झाले ते मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. एका डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून अगदी हळू आवाजात विचारले, 'घरात इन्शुलिन कोण घेतं? कुप्या कुठे असतात? त्यांना स्वतःला सुई देता येते का?' त्याचा अर्थ कळायला क्षणभर वेळ लागला. काकू काकांचे इन्शुलिन चोरून टोचून घेत असतील! किंवा, देव न करो, त्यांना दुसरे कुणी टोचत असेल. भावाचा चेहरा पांढरा पडला. आत काकूंनी ते ऐकले होते. त्या एवढेच म्हणाल्या, 'गूळ खाल्ला मी. सुई नाही घेतली.'

डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. अशी उदाहरणे खरोखर घडतात आणि विचारणे हे त्यांचे कामच होते. काकांनी खिळ्यावरची वही पुढे केली. कुपीन् कुपीचा हिशोब जुळत होता. पण शास्त्राला वहीची साक्ष पुरत नाही, रक्ताची लागते. आणि ती मिळते, हे मला फार मोठे वाटते. १९६७ साली शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवले की शरीर इन्शुलिन बनवते तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते आणि मग ती तोडली जाते. तोडताना एक तुकडा उरतो, त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. पोटात तयार झालेल्या इन्शुलिनबरोबर हा तुकडा रक्तात येतोच येतो. कुपीतल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे साखर उतरलेली असताना रक्तात इन्शुलिन भरपूर पण हा तुकडा नाममात्र, तर सुई बाहेरून आली. दोन्ही भरपूर, तर आतून. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनीही आतले इन्शुलिन वाढते, म्हणून त्या गोळ्यांसाठी रक्त वेगळे तपासावे लागते.

हे रक्त घ्यायला साखर उतरलेली हवी, म्हणून रोग्याला देखरेखीखाली उपाशी ठेवतात. गरज पडली तर बहात्तर तासांपर्यंत. परिचारिकेने हे काकूंना जरा भीतभीतच सांगितले. काकू म्हणाल्या, 'उपासाचं मला नका सांगू.' पाणी मात्र पिऊ देत. अठराव्या तासाला त्या शंभरातून सात वजा करता करता त्र्याण्णववर अडल्या, आणि मग त्यांना आपले नाव सांगता येईना. साखर ४१ होती. रक्त घेतले, शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले, खिडकीकडे पाहिले आणि विचारले, 'चंद्रोदय झाला का?'

निकाल यायला चार दिवस लागले. इन्शुलिन भरपूर, सी-पेप्टाइड भरपूर, गोळ्यांचा मागमूस नाही. डॉक्टरांनी ते वाचून दाखवले तेव्हा गाठ आहे हे ऐकून आम्ही घाबरलो, आणि काकूंच्या डोळ्यांतून मात्र पाणी आले ते सुटकेचे. पोटात गाठ निघाली म्हणून हलके वाटलेले माणूस मी तेवढे एकच पाहिले आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. साध्या सोनोग्राफीत काही दिसले नव्हते. दुर्बीण जठरात उतरवून तिच्या टोकाशी असलेल्या सोनोग्राफीने पाहिले तेव्हा ग्रंथीच्या मधल्या भागात १४ मिलिमीटरची गाठ सापडली. भिजवलेल्या काबुली हरभऱ्याएवढी! तिचे नाव इन्शुलिनोमा. दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे चार जणांना हा आजार होतो, आणि दहांपैकी नऊ वेळा ही गाठ कर्करोगाची नसते. काकूंचीही नव्हती. शस्त्रक्रियेत ती तेवढीच सोलून काढली. काका रोज टोचून घेत होते तेच द्रव्य त्यांच्याच घरात, एक भिंत सोडून, फुकट ओसंडत होते. 'निम्मं मला दिलं असतंस तर पोस्टाच्या पेन्शनीत बचत झाली असती,' असे ते काकूंना म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस काकूंची साखर उलट चढली. इतका काळ सुस्तावलेल्या बाकीच्या बेटांना जागे व्हायला वेळ लागतो. त्या आठवड्यात दोनशेचा आकडा पाहून काका खुशीत आले. 'आलीस आमच्या पंगतीत!' पण काकू त्या पंगतीत बसल्या नाहीत. दहा-बारा दिवसांत त्यांची साखर जागेवर आली आणि आजवर जागेवर आहे.

याच बेटांवर दुसऱ्या प्रकारच्या पेशीही असतात, आणि त्यांच्याही गाठी होतात. साखर चढवणारे ग्लुकॅगॉन पाझरणारी गाठ माणसाला मधुमेही बनवते. त्याचे वजन घटते आणि अंगावर जागा बदलणारे लाल चट्टे उठतात. अशा रोग्याचे पहिले वर्णन १९४२ साली त्वचारोगाच्या डॉक्टरांनी केले, कारण रोगी चट्टे दाखवायला जातो. १९५५ साली झोलिंजर आणि एलिसन यांनी वर्णन केलेल्या गाठीने जठरात आम्ल इतके वाढते, की व्रण पुन्हा पुन्हा होतात. १९७७ साली ओळखू आलेली आणखी एक गाठ इतर रसांनाच दाबून टाकते. तिच्यात मधुमेह आणि पित्ताशयाचे खडे एकत्र येतात. या गाठी फार विरळ. दहा कोटी मधुमेह्यांपैकी कुणीही हे वाचून स्वतःचे पोट चाचपू नये. काही गाठी मात्र पसरतात. स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ साली सापडलेली गाठ स्वादुपिंडातली, याच कुळातली होती. ते २०११ साली गेले. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा या कुळाचे नाव भारतात पुष्कळांनी प्रथमच ऐकले. एप्रिल २०२० मध्ये ते गेले. या गाठी त्या-त्या रसाच्या सोंगात येतात. कुणी त्वचेच्या डॉक्टरकडे जातो, कुणी पोटाच्या, कुणी मनाच्या. आणि कुणी कुठेच जात नाही, कारण त्याला आजार आहे हेच कुणाला वाटत नाही.

ते शेवटचे माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. स्वभावाला औषध नाही, ही म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः रागीट आहे आणि माझी साखर उत्तम आहे! पण आपण मराठी माणसे हा शब्द फार स्वस्तात वापरतो. एखादी बाई पन्नाशीनंतर एकाएकी चिडू लागली, एखादा शांत माणूस जेवणाच्या वेळेआधीच भांडू लागला, की 'मूळचा स्वभाव वर आला' असे म्हणून आपण मोकळे होतो. जो कालपर्यंत नव्हता तो मूळचा कसा? हा प्रश्न एकदा विचारला असता तर फिट्सच्या गोळ्या, साखरेच्या डब्यावरची पाळत आणि बायकांची कुजबुज, ही तीन वर्षे वाचली असती. स्वभाव हा शेवटचा निष्कर्ष असावा. बाकी सगळे तपासून झाल्यावर जे उरेल ते.

काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. डॉक्टरांना विचारून त्यांनी संकष्टी पुन्हा धरली. साबुदाण्याच्या खिचडीविषयीचे त्यांचे मत बदललेले नाही. काका ऐंशीकडे झुकले आहेत आणि सुई चालूच आहे. वयाप्रमाणे भूक कमी झाली, कधी जेवण राहते आणि डोस मात्र घेतलेला असतो. मग त्यांचीही साखर उतरते. परवा मी गेलो होतो तेव्हा ते वर्तमानपत्र वाचता वाचता एकदम काकूंवर ओरडले: 'माझा चष्मा कुठे नेऊन टाकलास? एक वस्तू जागेवर ठेवत नाहीस!' चष्मा त्यांच्या नाकावर होता. कपाळावर घाम होता.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी आधी फळीवरचा डबा काढला, पाण्यात चार चमचे साखर ढवळली, काका शुद्धीवर आहेत आणि गिळू शकतात एवढे पाहिले आणि पेला त्यांच्या तोंडाला लावला. मग बोट टोचले. ५२. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचले, तेव्हा आकडा ९६ होता. तो वहीत लिहून, पेन टोपण घालून जागेवर ठेवून, काकू काकांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, 'हं. आता चष्म्याचं काय म्हणत होतात?'